हिशेबाच्या टेबलावरचा धम्म : सयाजी ऊ बा खिन

नोकरी करणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींशी बोलताना एक गोष्ट हमखास ऐकू येते. रविवारी विहारात वंदना होते, पंचशील घेतले जाते, प्रवचन ऐकले जाते, मन शांत होते. सोमवारी सकाळी कार्यालयात पाऊल टाकले, साहेबांनी चारचौघांत एक शब्द टाकला, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बढती मिळाल्याचे कळले, की ती शांती दुपारच्या डब्यापर्यंतही टिकत नाही. मग धम्म विहारात आणि नोकरी कार्यालयात अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकतो.

ही वाटणी ज्यांनी मान्य केली नाही, अशा एका उपासकाचे जीवन आज आम्ही सांगणार आहोत. ते भिक्खू नव्हते. पाच मुली आणि एक मुलगा असा त्यांचा संसार होता. आयुष्यातली जवळपास पन्नास वर्षे त्यांनी सरकारी नोकरी केली, तीही हिशेब तपासण्याची. स्वतंत्र बर्माचे ते पहिले अकाउंटंट जनरल, म्हणजे महालेखापाल. आज जगभर विपश्यनेची जी शिबिरे भरतात, त्यांतली बरीचशी ज्या परंपरेतून आली, त्या परंपरेतले ते आचार्य. त्यांचे नाव सयाजी ऊ बा खिन.

त्यांचा जन्म ६ मार्च १८९९ रोजी रंगूनमधल्या कामगार वस्तीत झाला. घरची परिस्थिती बेताची. वयाच्या आठव्या वर्षी ते मेथडिस्ट मिशनच्या शाळेत दाखल झाले. धडेच्या धडे तोंडपाठ करण्याची त्यांची ताकद होती. पुढे सेंट पॉल्स शाळेत शिष्यवृत्त्या मिळवत त्यांनी शिक्षण पूर्ण केले. १९१७ साली शेवटच्या परीक्षेत सुवर्णपदक मिळाले आणि कॉलेजसाठी शिष्यवृत्तीही. पण घराला पगाराची गरज होती. कॉलेजचा विचार सोडून त्यांना नोकरी शोधावी लागली. पहिली नोकरी एका बर्मी वर्तमानपत्रात आणि लवकरच दुसरी, अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात कारकुनाची.

त्या काळी बर्मा हा ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता. सरकारी कार्यालयांत बहुतेक माणसे इंग्रज आणि भारतीय. बर्मी माणूस आपल्याच देशातल्या कार्यालयात एकटा-दुकटा दिसायचा. घरातला पहिला नोकरदार आणि कार्यालयात आपले असे कोणी नाही, ही अवस्था आपल्या समाजातल्या दोन पिढ्यांनी भोगली आहे, आजही कित्येक जण भोगत आहेत. म्हणून ऊ बा खिन यांचे ते टेबल आपल्याला परके वाटत नाही. त्यांनी काम शिकून घेतले, अभ्यास केला आणि १९२६ साली अकाउंट्स सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण केली. एक-एक पायरी चढत ते वर आले.

धम्माशी त्यांचे नाते जन्मापासून होते, जसे बर्मातल्या बहुतेकांचे असते. पण साधनेशी गाठ पडली वयाच्या सदतिसाव्या वर्षी. १ जानेवारी १९३७ रोजी एक परिचित त्यांच्याकडे आले. ते सया थेटजी नावाच्या आचार्यांचे शिष्य होते. त्यांनी आनापान म्हणजे काय ते समजावून सांगितले. श्वास आत येतो, बाहेर जातो. त्यावर फक्त लक्ष ठेवायचे, त्याला वळवायचे नाही. ऊ बा खिन यांनी करून पाहिले आणि मन चटकन एकाग्र झाल्याचे पाहून ते स्वतःच चकित झाले. दहा दिवसांचे पूर्ण शिबिर करायचेच, असे त्यांनी ठरवले.

इथे कोणत्याही नोकरदाराला पडते तीच अडचण त्यांनाही पडली. रजा! त्यांनी दहा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला आणि फार वाट न पाहता आठवड्याच्या आत निघाले. रंगून नदीच्या पलीकडे, मैलोन्‌मैल भातखाचरांच्या टोकाला सया थेटजींचे गाव होते. हे सया थेटजी स्वतः शेतकरी, गृहस्थ. भिक्खू लेडी सयाडो यांच्या परंपरेत ते विपश्यना शिकले होते. म्हणजे इंग्रजी शिकलेला सरकारी अधिकारी एका शेतकऱ्याच्या पायाशी बसून मनाचा अभ्यास शिकायला गेला. मानापमानाचा पहिला हिशेब तिथेच चुकता झाला असणार.

दहा दिवसांनी ते कामावर परतले, तेव्हा टेबलावर एक पाकीट त्यांची वाट पाहत होते. एवढ्या तडकाफडकी निघून गेल्यामुळे ते बडतर्फीचे पत्र असेल, अशी भीती त्यांना वाटली. निघाले बढतीचे. बर्मा हिंदुस्थानपासून वेगळा होणार होता, तिथल्या ऑडिटर जनरलचे नवे कार्यालय उभे राहणार होते आणि त्यात स्पेशल ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून त्यांची निवड झाली होती.

ही गोष्ट अनेकदा चमत्कारासारखी सांगितली जाते. ध्यान केले आणि बढती मिळाली! आम्हाला तसे सांगायचे नाही. बढती त्यांच्या वीस वर्षांच्या कामाची होती. या प्रसंगातली खरी शिकवण ते पाकीट फोडण्याच्या आधीची आहे. नोकरी जाण्याची शक्यता समोर असतानाही मनाला शिकवण्याचे काम टाळता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपण नेमके उलटे करतो. कामाचा ताण आहे म्हणून मनाकडे बघायला वेळ नाही, असे म्हणतो आणि मनाकडे बघितले नाही म्हणून ताण वाढत जातो.

यानंतर चार वर्षांनी, १९४१ साली, ते रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी असताना कामानिमित्त उत्तर बर्मात गेले होते. मंडालेच्या अलीकडे चौक्से नावाच्या स्थानकावर त्यांना काही तास थांबावे लागले. जवळच्या डोंगरावर वेबू सयाडो नावाचे भिक्खू राहत होते. ऊ बा खिन त्यांच्या दर्शनाला गेले. एक गृहस्थ, तोही सरकारी अधिकारी, ध्यानात इतका पुढे गेलेला पाहून वेबू सयाडोंनी त्यांना सांगितले की, आता तुम्ही इतरांना शिकवायला हवे. ऊ बा खिन स्थानकावर परतले आणि तिथल्याच असिस्टंट स्टेशन मास्तरांना त्यांनी रेल्वेच्या डब्यात बसवून आनापान शिकवले. पुढे हजारो मैलांवर पोचलेल्या या शिकवणीचा पहिला वर्ग एका कामाच्या ठिकाणी, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात भरला होता.

४ जानेवारी १९४८ रोजी बर्मा स्वतंत्र झाला. त्याच दिवशी ऊ बा खिन यांची अकाउंटंट जनरल म्हणून नेमणूक झाली. ज्या खात्यात ते कारकून म्हणून आले होते, त्याच खात्याचे ते प्रमुख झाले. देश युद्धात होरपळलेला होता आणि अनुभवी माणसे कमी होती. अशा खात्याला नुसत्या परिपत्रकांनी वळण लागत नाही.

१९५० साली त्यांनी अकाउंटंट जनरलच्या कार्यालयातच विपश्यना मंडळ स्थापन केले. कार्यालयातल्या एका छोट्या खोलीत कर्मचारी ध्यानाला बसू लागले. विचार करा, आपल्या एखाद्या ट्रेझरीत किंवा जिल्हा परिषदेत, फायलींच्या कपाटांच्या शेजारी, साहेब आणि कारकून एकाच जमिनीवर डोळे मिटून बसले आहेत. दोन वर्षांनी, १९५२ साली, श्वेडगॉन पॅगोड्याच्या उत्तरेला सुमारे दोन मैलांवर आंतरराष्ट्रीय साधना केंद्र सुरू झाले. मधोमध पॅगोडा आणि त्याभोवती ध्यानाच्या आठ छोट्या खोल्या. शिबिराच्या दिवसांत सयाजी साधकांना सूचना द्यायचे, कार्यालयात जायचे आणि काम आटोपून पुन्हा केंद्रावर यायचे.

त्यांची पद्धत नोकरदार माणसाच्या मापाची होती. ज्याच्याकडे वर्षाकाठी दहा दिवस आणि रोज थोडा वेळ एवढेच आहे, त्याला काय देता येईल, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी पसारा टाळला. आधी शील, मग श्वासावर समाधी, मग शरीरातल्या संवेदना पाहत अनिच्चाचा, म्हणजे सगळे बदलत राहते याचा, प्रत्यक्ष अनुभव. भर सगळा अनिच्चावर.

हे कार्यालयात कसे उपयोगी पडते, ते आम्ही आपल्या भाषेत सांगतो. साहेबांनी अपमान केला. त्या क्षणी कान तापतात, छाती धडधडते, पोटात गोळा येतो. आपल्याला वाटते की साहेबांवर राग आला. खरे तर राग आधी आपल्या अंगात उठतो आणि मग जिभेवर येतो. मधला तो क्षण ज्याला दिसतो, त्याच्या हाती निवड येते. उत्तर द्यायचे की नाही, आत्ता द्यायचे की उद्या, तोंडी द्यायचे की लेखी, हे तो ठरवू शकतो. ज्याला तो क्षण दिसत नाही, त्याच्या वतीने राग ठरवतो. स्तुतीचेही असेच. कोणी पाठ थोपटली की आत काय फुगते, ते ज्याला दिसते, त्याला खुशामत करून कोणी विकत घेऊ शकत नाही.

हिशेब तपासणाऱ्या माणसाला हे पटकन कळावे, यात नवल नाही. लेखापरीक्षक आकड्यावर रागावत नाही आणि आकड्याच्या प्रेमातही पडत नाही. आहे ते आहे तसे पाहतो, नोंद करतो, चूक असेल तर दाखवतो. सयाजींनी हीच सवय मनाकडे वळवली.

यामुळे काम मागे पडले का? उलट झाले. पुढच्या काळात त्यांच्याकडे बहुतेक वेळा दोन किंवा अधिक खात्यांची जबाबदारी असे. एकदा तीन वर्षे तीन खाती, तर दुसऱ्यांदा वर्षभर चार खाती त्यांनी एकाच वेळी सांभाळली. सरकारी लेखा आणि लेखापरीक्षण संस्थेचे ते प्राचार्यही होते. १९६१ साली त्यांनी साधनेच्या मोलाविषयी एक पुस्तिका लिहिली आणि तीत आपल्या नोकरीचाच दाखला दिला. ध्यान खरे की खोटे, हे डोळे उघडल्यावर टेबलावर दिसले पाहिजे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

त्यांचा सर्वांत मोठा कस लागला तो राज्य कृषी पणन मंडळात. बर्माचे खरे धन म्हणजे तांदूळ. शेतकऱ्याकडून तो खरेदी करून परदेशात विकणारे हे मंडळ देशातले सर्वांत श्रीमंत खाते होते आणि जिथे पैसा तिथे गैरव्यवहार, हा नियम तिथेही चुकला नव्हता. पंतप्रधान ऊ नू यांनी सयाजींना चौकशीचे काम दिले. अहवालात त्यांनी कोणाचीही भीड ठेवली नाही. त्यानंतर सुधारणेची जबाबदारीही त्यांच्यावरच आली आणि १९५६ साली ते मंडळाचे अध्यक्ष झाले. थ्रे सिथू हा मानाचा किताबही याच वेळी त्यांना मिळाला.

पुढे काय झाले, ते त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी सांगून ठेवले आहे. नवा अध्यक्ष कोण येतो आहे, हे कळताच वरचे अधिकारी संपावर गेले. सयाजी डगमगले नाहीत. संपकऱ्यांवर चिडले नाहीत, त्यांची मनधरणीही केली नाही. कनिष्ठ कर्मचाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी काम चालू ठेवले. काही महिन्यांनी संप आपोआप मोडला आणि अधिकारी परत आले. सयाजींनी त्यांच्याविषयी मनात डूख ठेवला नाही. त्यांना कामावर घेतले आणि काम सुरू झाले.

इथे आम्हाला थोडे थांबायचे आहे, कारण आपल्या चळवळीत ध्यानाविषयी एक शंका नेहमी विचारली जाते आणि ती रास्त आहे. अन्याय बाहेर असताना डोळे मिटून आत बघायचे, म्हणजे अन्याय सोसायला शिकायचे का? बाबासाहेबांनी आपल्याला शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे शिकवले. ध्यान त्या संघर्षाची धार बोथट करणार असेल तर ते काय कामाचे?

सयाजींच्या आयुष्याकडे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर अर्धे मिळते. ते गैरव्यवहारासमोर डोळे मिटून बसले नाहीत. अहवाल लिहिला, अंगावर विरोध घेतला, तो सोसून काम तडीला नेले. समता म्हणजे चुकीला चूक न म्हणणे, असा अर्थ त्यांनी कधीच केला नाही. शिस्तीच्या बाबतीत ते कडक होते, प्रसंगी आवाजही चढायचा, असे त्यांचे शिष्य सांगतात. पण तो आवाज द्वेषातून आलेला नसे.

उरलेले अर्धे उत्तर आपल्याला शोधायचे आहे. सयाजी खात्याचे प्रमुख होते, त्यांच्या पाठीशी पंतप्रधान होते. आपल्यातल्या बहुतेकांकडे ती ताकद नाही. ज्याचा गोपनीय अहवाल मुद्दाम खराब लिहिला जातो, ज्या ताईला आडनाव ऐकून वेगळी वागणूक मिळते, त्यांना नुसते श्वासाकडे बघा असे सांगणे हा धम्म नव्हे. तिथे तक्रार करावी लागते, संघटनेकडे जावे लागते, कायद्याचा आधार घ्यावा लागतो. आमचे म्हणणे एवढेच की, तीच तक्रार थरथरत्या हाताने लिहिली तर निम्मी बाजू तिथेच पडते, आणि शांत मनाने तारीख, वार, पुरावा लावून लिहिली तर समोरच्याला उत्तर द्यावे लागते. आत बघणे हे बाहेरच्या लढाईला पर्याय नाही. लढणाऱ्याला ते जळू देत नाही, एवढे मात्र नक्की.

आणि हे बाजूला राहते असे नाही की, साहेब आपणही होतो. आपल्या समाजातून आज अधिकारी, व्यवस्थापक, उद्योजक तयार झाले आहेत. भगवान बुद्धांनी सिगालाला उपदेश करताना मालकाची कर्तव्ये आधी सांगितली. कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. कामगाराकडून अपेक्षा त्यानंतर येतात : दिलेलेच घ्यावे, काम नीट करावे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आपल्या हाताखालच्या माणसाला आठवतो का, की फक्त आपल्या साहेबांबद्दल बोलताना आपल्याला आठवतो? कारकुनांसोबत एका खोलीत बसणाऱ्या अकाउंटंट जनरलने याचे उत्तर वागण्यातून दिले होते.

सयाजी केवळ कार्यालयात आणि केंद्रात अडकलेले नव्हते. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला सहावी धम्मसंगीती भरली. तिच्या तयारीत आणि बुद्ध शासन परिषदेच्या कामात त्यांचा सहभाग होता, परिषदेच्या निधीचे ते मानद लेखापरीक्षक होते. धम्मदानाचाही पैसा न् पैसा तपासला गेला पाहिजे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. आपल्या विहार समित्यांनी एवढे एक घेतले तरी पुष्कळ आहे. याच संगीतीच्या काळात, १९५४ साली, बाबासाहेब रंगूनला गेले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी नागपूरला धम्मचक्र फिरले.

महाराष्ट्राशी सयाजींचे नाते जुळले ते गोएंकागुरुजींमुळे. मंडालेत जन्मलेले हे मारवाडी उद्योजक अर्धशिशीने हैराण होऊन १९५५ साली सयाजींकडे आले. नुसता आजार बरा करायला येणार असाल तर येऊ नका, असे सयाजींनी त्यांना बजावले. मन शुद्ध करायचे असेल तर या. उद्योजक गोएंका आले आणि चौदा वर्षे सयाजींजवळ शिकत राहिले. भारताचा धम्म बर्माने जपला, आता तो ऋणासह भारताला परत करायचा, ही सयाजींची तळमळ होती. त्यांना स्वतःला येता आले नाही. १९६९ साली त्यांनी गोएंकांना आचार्य म्हणून पाठवले. जुलै महिन्यात मुंबईत पहिले शिबिर झाले. पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली आणि गोराईच्या खाडीकाठी पॅगोडा. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची तरतूद केली. १९३७ साली रजेच्या अर्जावर जीव टांगून निघालेल्या त्या अधिकाऱ्याच्या वाटेवरून आज आपला कर्मचारी रीतसर रजा घेऊन जाऊ शकतो.

सयाजी १९६७ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय अडुसष्ट होते. पूर्ण वेळ साधना शिकवायला त्यांना शेवटची जेमतेम चार वर्षे मिळाली. १९ जानेवारी १९७१ रोजी, शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे, त्यांचे निधन झाले. त्यांनी धम्माचे जे काम केले, त्यातले बहुतेक सगळे नोकरी सांभाळून केले. निवृत्त झाल्यावर बघू, असे म्हणत बसले असते तर आज हा लेख लिहायला काही कारणच उरले नसते.

वाचकांना आमची एक विनंती आहे. उद्या कामावर गेल्यावर खुर्चीत बसा, संगणक चालू व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ फक्त श्वास पाहा. दिवसात एकदा तरी राग किंवा मत्सर अंगात कुठे उठतो, ते पाहा. संध्याकाळी निघताना स्वतःला विचारा की, आज न दिलेले काही घेतले का, खोटे काही लिहिले का, हाताखालच्या माणसाला विनाकारण दुखावले का. ज्याने देशाचे हिशेब तपासले, त्या माणसाने हा छोटा हिशेब रोज तपासला. तो आपल्यालाही जमेल. सोमवारपासून सुरुवात करू या.